घरी बांधलेल्या गाडीच्या ब्रेक लाइनची आखणी : नळी कुठून न्यावी, जोड कुठे द्यावेत?

गोदातीर

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजमध्ये एकट्याने बांधलेली गाडीसुद्धा 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल' ही तपासणी उत्तीर्ण झाल्यास रीतसर रस्त्यावर आणता येते. कॉलिन चॅपमन यांनी 1957 साली बाजारात आणलेल्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरची, चौकोनी पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची दोन आसनी गाडी मी कोव्हेंट्रीजवळ बांधत आहे. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चारही चाकांचे डिस्क ब्रेक एका जुन्या माझदा एमएक्स-5 मधून काढलेले आहेत. सांगाड्याचे वेल्डिंग पूर्ण झाले आहे, परंतु रंग अजून दिलेला नाही; क्लिपांची भोके आणि होजचे (चाकापाशी लागणाऱ्या लवचीक नळीचे) ब्रॅकेट रंगाच्या आधीच व्हावेत, म्हणून ब्रेक लाइनची आखणी आत्ताच पक्की करायची आहे.

सध्याचा विचार असा आहे. टँडम मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर दोन स्वतंत्र सर्किटांत ऑइलचा दाब तयार करणारा) उजव्या बाजूला, पेडलच्या पुढे बसेल. एका सर्किटवर पुढची दोन चाके आणि दुसऱ्यावर मागची दोन. पुढची नळी उजव्या बाजूने पुढे जाऊन रेडिएटरखालच्या आडव्या नळीवरून डावीकडे ओलांडेल; मागची नळी मधल्या टनेलमधून प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) बाजूने जाऊन डिफरन्शियलजवळ टी-जॉइंटला मिळेल. एक्झॉस्ट डावीकडून बाहेर पडतो. सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारे साधन) ठेवायचा नाही, कारण गाडीचे वजन 600 किलोच्या आसपास राहील.

या आखणीत काय खटकते, हे जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

पानापेंचिस

गोदातीर, आखणीची सुरुवात आपण मास्टर सिलिंडरपासून केली आहे. मी ती उलट्या टोकाने करण्याचा आग्रह धरेन. चाकण भागात ब्रेकच्या सुट्या भागांच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि अनुभव असा आहे की पक्की नळी कुठेही वळवता येते, परंतु होजला स्वतःच्या अटी असतात. म्हणून आधी चारही होज ठरवा, त्यांचे ब्रॅकेट कुठे वेल्ड करायचे ते ठरवा, आणि मग ती चार टोके मास्टर सिलिंडरशी जोडा.

पुढच्या चाकाचे उदाहरण घ्या. स्प्रिंग काढून सस्पेन्शन मोकळे करा. चाक पूर्ण खाली लोंबकळू द्या आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. नंतर चाक पूर्ण वर उचलून तेच पुन्हा करा. या चारही स्थितींत होज ताणली जाता कामा नये, टायरला किंवा विशबोनला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला) घासता कामा नये आणि दुमडता कामा नये. होजवर खडूने लांबीभर एक सरळ रेघ ओढा. जोड आवळल्यानंतर ती रेघ सर्पिल झालेली दिसली, तर होजला पीळ बसला आहे. जोड सैल करून पुन्हा बसवा.

ब्रॅकेट सांगाड्याला वेल्ड केलेला असावा आणि होजचे टोक त्यात नटाने घट्ट धरलेले असावे. पक्की नळी त्या टोकाला जोडायची, म्हणजे होजच्या हालचालीचा एक कणही नळीपर्यंत पोहोचत नाही. केवळ पक्क्या नळीच्या आधाराने लोंबणारी होज मी गावोगावच्या गॅरेजमध्ये पाहिली आहे. अशी नळी फ्लेअरच्या, म्हणजे जोडासाठी फुलवलेल्या टोकाच्या, मुळाशी तडकते.

बाकी मार्ग ठरवण्यासाठी वेल्डिंगची 2 मिमीची सळी किंवा जीआय तार वापरा. तार वाकवून जागेवर बसवा, मनासारखी झाली की तिच्यावरून नळी वाकवा. तार स्वस्त आहे.

अपरांत

नळीच्या धातूबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. मी वास्कोला राहतो आणि खाऱ्या हवेत पोलादी ब्रेक नळीची काय गत होते ते रोज पाहतो. वरचा लेप एका ठिकाणी खरवडला गेला की तिथून गंज आत शिरतो, आणि क्लिपच्या खाली तर तो दिसतही नाही. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे प्रश्न तोच. तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्यावी. तिच्यात साधारण 90 टक्के तांबे आणि 10 टक्के निकेल असते, ती गंजत नाही आणि हाताने सहज वळते. निव्वळ तांब्याची नळी मात्र घेऊ नये. सततच्या कंपनाने तांबे कडक होत जाते आणि शेवटी चिरते.

रानवारा

मी सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आणि आमच्या बाहा (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरायची स्पर्धा) संघात ब्रेकचे काम माझ्याकडे आहे. माझ्या दोन सूचना आहेत.

पहिली म्हणजे, टँडम सिलिंडरऐवजी दोन स्वतंत्र मास्टर सिलिंडर आणि त्यांच्यामध्ये बॅलन्स बार वापरावा. पुढे-मागे ब्रेकचे प्रमाण बारवरील स्क्रू फिरवून बदलता येते आणि मागच्या ब्रेकचा दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हची गरज उरत नाही. दुसरी म्हणजे, पक्क्या नळ्यांच्या भानगडीत न पडता सगळीकडे स्टीलच्या जाळीची टेफ्लॉन होज वापरली तर फ्लेअर करण्याचा त्रासच वाचेल. यात काही अडचण आहे का?

पानापेंचिस

रानवारा, आपली पहिली सूचना विचार करण्याजोगी आहे. दुसरीशी मी असहमत आहे. जाळीची होज साध्या रबरी होजपेक्षा कमी फुगते हे खरे, परंतु पक्क्या नळीपेक्षा ती जास्तच फुगते. पेडलपासून मागच्या चाकापर्यंतची सगळी लांबी होजने भरली, तर ते फुगणे पायाला जाणवते. शिवाय ती स्टीलची जाळी कानशीसारखी काम करते. ज्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला, वायरिंगला किंवा दुसऱ्या नळीला ती टेकेल, त्याला ती कंपनांनी कापत जाते. जिथे दोन भाग एकमेकांच्या तुलनेत हलतात तिथे होज, आणि जिथे काहीच हलत नाही तिथे पक्की नळी, हा नियम सोडू नये.

मिशिगनकर

मुख्य मुद्दा टनेलचा आहे, असे मला वाटते. प्रोपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट तुटला तर शाफ्ट टनेलच्या आत घुमत सुटतो, आणि त्या क्षणी चालकाला सर्वांत जास्त गरज ब्रेकचीच असते. मागची नळी टनेलमध्ये असेल तर मागचे सर्किट त्याच क्षणी जाईल. मी ती उजव्या बाजूच्या खालच्या नळीच्या आतल्या अंगाने, आसनाच्या बाहेरून मागे नेईन.

गोदातीर

मिशिगनकर, तो विचार मीही केला होता. परंतु या गाडीची तळाची नळी जमिनीपासून फार कमी उंचीवर असते आणि बाजूची टक्कर झाली तर तीच आधी चेपते. टनेलमध्ये नळी निदान चारही बाजूंनी संरक्षित राहते.

मिशिगनकर

मान्य, पण मग टनेलमध्ये तिची जागा नीट निवडावी लागेल. टनेलच्या वरच्या कोपऱ्यातील चौकोनी नळीच्या मागे, म्हणजे शाफ्ट आणि ब्रेक लाइन यांच्यामध्ये पोलाद येईल अशा रीतीने ती न्यावी. शाफ्टभोवती पुढच्या जॉइंटजवळ पोलादी पट्टीचे कडे बसवले, तर तुटलेला शाफ्ट फार फिरकू शकत नाही. ही दोन कामे होणार असतील तर माझी हरकत नाही. त्याच टनेलमधून पेट्रोलची नळी आणि बॅटरीची जाड केबल जाणार असेल, तर तिघांना एका क्लिपमध्ये बांधू नये. केबलचे आवरण नळीवर घासून उघडे पडले की ठिणगी तिथेच पडते, आणि शेजारी पेट्रोल असते.

वैदर्भी

मार्गाबरोबरच मास्टर सिलिंडरच्या मापाचाही निर्णय आत्ताच घ्यावा लागेल, कारण माप बदलले की पुष्कळदा जोडांची जागा आणि आटेही बदलतात. एमएक्स-5 चा मूळ सिलिंडर सर्व्होबरोबर वापरण्यासाठी आहे. त्यावर 7/8 इंच असे कोरलेले असेल, तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे 388 चौरस मिमी होते. पायाने 400 न्यूटन बल दिले आणि पेडलचे गुणोत्तर 5 धरले, तर पिस्टनवर 2000 न्यूटन येतात आणि दाब जेमतेम 52 बार तयार होतो. त्याऐवजी 3/4 इंचाचा सिलिंडर घेतल्यास क्षेत्रफळ 285 चौरस मिमी होते आणि त्याच पायाने 70 बार मिळतात. त्याची किंमत म्हणून पेडलचा प्रवास साधारण 36 टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच सर्व्हो काढणाऱ्याने हवा पूर्ण काढणे आणि मागच्या कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) समायोजन या दोन्ही गोष्टींत कसूर करता कामा नये.

आता पुढे-मागे प्रमाणाविषयी. व्हीलबेस 2.3 मीटर, गुरुत्वमध्याची उंची 0.45 मीटर आणि वजनाची विभागणी निम्मी-निम्मी धरू. कोरड्या रस्त्यावर 0.9 जी इतक्या जोराने ब्रेक लावला, तर 0.9 गुणिले 0.45 भागिले 2.3, म्हणजे सुमारे 17.6 टक्के वजन पुढे सरकते, पुढे 67.6 आणि मागे 32.4 टक्के राहते. ओल्या रस्त्यावर 0.5 जी इतकाच ब्रेक लागू शकतो, तेव्हा पुढे 60 आणि मागे 40 असे प्रमाण राहते. याचा अर्थ मागची चाके लॉक होण्याचा धोका कोरड्या रस्त्यावरील जोरदार ब्रेकमध्ये अधिक आहे, आणि प्रमाण त्यालाच अनुसरून ठरवावे. पुढची चाके आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते, मागची आधी झाली तर ती गरकन फिरते. मूळ गाडीचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह मूळ गाडीच्या वजनासाठी होता, त्यामुळे तो आंधळेपणाने वापरू नये. मागच्या लाइनवर जुळवता येणारा व्हॉल्व्ह बसवण्यासाठी जागा आणि दोन जोड आत्ताच राखून ठेवावेत.

निळाधूर

पुढच्या चाकांना जास्त ब्रेक हवा असेल, तर तिकडे जाड नळी वापरून भागणार नाही का?

वैदर्भी

नाही. पेडल दाबून धरल्यानंतर बंद द्रवातला दाब सगळीकडे सारखाच असतो. नळी जाड असो की बारीक, त्यात फरक पडत नाही. नळीच्या जाडीचा परिणाम फक्त द्रव किती चटकन सरकतो यावर होतो. म्हणून चारही चाकांना नेहमीची 3/16 इंचाची, म्हणजे 4.75 मिमी बाह्यव्यासाची नळी योग्य आहे. कमी-अधिक ब्रेक हा कॅलिपरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ, डिस्कचा व्यास आणि पॅड यांनी ठरतो.

सातपुडा

सर्किट पुढे-मागे वाटण्याऐवजी कर्णरेषेत का वाटू नयेत? पुढचे सर्किट गेले तर मागच्या दोन चाकांवर फारसा ब्रेक उरत नाही. कर्णरेषेत वाटल्यास एक पुढचे चाक तरी नक्की मिळते.

पानापेंचिस

सातपुडा, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत हीच पद्धत रूढ आहे आणि तिथे ती योग्यही आहे, कारण त्यांचे वजन पुढे एकवटलेले असते आणि एकाच पुढच्या चाकावर ब्रेक लागला तरी स्टिअरिंग एकीकडे ओढले जाऊ नये अशी त्यांच्या पुढच्या चाकांची भूमिती असते. सेव्हनसारख्या गाडीत ती भूमिती बहुधा नसते. एक सर्किट गेले की गाडी एका बाजूला जोराने ओढेल. शिवाय मागच्या दोन चाकांच्या लाइन वेगळ्या झाल्या म्हणजे व्हॉल्व्हही दोन लागतील. इथे वजन निम्मे मागे असल्याने मागच्या सर्किटचा एकट्याचा ब्रेकही अगदीच दुबळा नसेल. पुढे-मागे हीच वाटणी ठेवावी.

बॅलन्स बारबद्दल इतकेच म्हणेन, की शर्यतीच्या गाडीत तो उत्तम आहे. गोदातीर यांच्या तपासणीत मात्र चालकाला आसनावरून प्रमाण बदलता येता कामा नये आणि बार जागेवर कायमचा अडकवलेला असावा, अशी अपेक्षा असते. मग त्याचा मुख्य लाभच उरत नाही.

गोदातीर

बरोबर. तपासणीत मागची चाके पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत, आणि ब्रेक ऑइल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवाही हवा. म्हणून टँडम सिलिंडर आणि मागच्या लाइनवर कायम केलेला व्हॉल्व्ह, हेच मला सोयीचे दिसते.

अपरांत

फ्लेअरचा प्रकार तपासला आहे का? जपानी आणि युरोपीय गाड्यांत नटाचा आटा पुष्कळदा एकच, म्हणजे एम10 गुणिले 1 असतो, पण नळीचे टोक वेगळे असते. जपानी भागांना आत दुमडलेला दुहेरी फ्लेअर लागतो. युरोपीय भागांना बुडबुड्यासारखा गोल फ्लेअर. नट दोन्हीकडे छान आवळला जातो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही, आणि जोड पाझरत राहतो. आपले कॅलिपर आणि होजचे जोड माझदाचे आणि व्हॉल्व्ह दुसरीकडचा असणार, म्हणून प्रत्येक छिद्रात विजेरी धरून बूड कसे आहे ते पाहावे. मध्ये उंचवटा दिसला तर दुहेरी फ्लेअर, खोलगट शंकू दिसला तर गोल.

पानापेंचिस

अपरांत यांनी फार महत्त्वाचे सांगितले. यात आणखी एक भर म्हणजे 3/8 इंच 24 आट्यांचा नट. तो 9.5 मिमीचा असल्याने एम10 च्या छिद्रात सैलसर शिरतो, पकडल्यासारखा वाटतो आणि दाब आला की आटे सोडतो. जुने ब्रिटिश आणि अमेरिकन भाग घेताना हे जपावे. शक्यतो सगळे जोड एकाच आट्याचे घ्यावेत.

फ्लेअर करताना नळी कटरने काटकोनात कापावी, आतली-बाहेरची कड साफ करावी, नट आधी नळीवर चढवावा आणि दाबाच्या हवेने नळी स्वच्छ करावी. बाकावर शिकंज्यात धरायचे फ्लेअर यंत्र भाड्याने मिळाले तरी घ्यावे. हातातल्या स्वस्त साधनाने टोक तिरपे येते. तयार फ्लेअर भिंगाखाली पाहिला की तडा, तिरपेपणा किंवा पातळ झालेली कड लगेच दिसते. संशय आला की तेवढा तुकडा कापून टाकावा.

रानवारा

पुढची नळी रेडिएटरखालून ओलांडते, म्हणजे ती आधी खाली आणि मग पुन्हा वर जाणार. तिथे हवा अडकणार नाही का? आणि रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) लागेल का?

मिशिगनकर

मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली, जमिनीलगत असेल तर डिस्कसाठी 2 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो, कारण एरवी ब्रेक ऑइल मागे वाहून येते. इथे सिलिंडर कॅलिपरच्या वर आहे आणि ड्रमही नाहीत, त्यामुळे त्याची गरज नाही. विनाकारण बसवल्यास पॅड डिस्कला घासत राहतील.

नळीतल्या चढ-उतारांची मला फारशी काळजी वाटत नाही. 4.75 मिमीच्या नळीचे आतले छिद्र इतके बारीक असते, की हवा काढताना वाहणारे ऑइल बुडबुड्यांना ओढूनच नेते. हवा अडते ती रुंद जागी, म्हणजे टी-जॉइंटमध्ये, व्हॉल्व्हमध्ये आणि कॅलिपरमध्ये. कॅलिपरचा निपल (हवा काढायचे तोंड) सर्वांत वर आला पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे लागला की निपल खाली येतो आणि कितीही पेडल मारले तरी वरची हवा निघत नाही.

वैदर्भी

मिशिगनकरांशी बहुतांशी सहमत आहे, तरी उलट्या 'यू' सारखा उंचवटा टाळता येत असेल तर टाळावा. मूळ गाडीत मास्टर सिलिंडरजवळ नळीची वेटोळी असतील, ती नक्कल म्हणून करू नयेत. आपल्या गाडीत सिलिंडर आणि नळी दोन्ही एकाच सांगाड्यावर आहेत, त्यांच्यात सापेक्ष हालचाल नाही. करायचीच असतील तर वेटोळी जमिनीला समांतर ठेवावीत; उभी ठेवली की प्रत्येक वेटोळ्याच्या माथ्यावर हवेला जागा मिळते.

रेडिएटरखालून नळी नेण्याला मात्र माझा विरोध आहे. उडालेला दगड आणि गॅरेजमधला जॅक, दोन्ही तिथेच लागतात. त्याऐवजी टी-जॉइंट सिलिंडरजवळ, फायरवॉलवर (इंजिन आणि आसने यांच्यामधल्या पडद्यावर) बसवावा आणि डाव्या चाकाची नळी फायरवॉलवरूनच ओलांडावी. डावीकडे एक्झॉस्ट आहे, म्हणून ती सांगाड्याच्या वरच्या नळीच्या बाहेरच्या अंगाने पुढे न्यावी, म्हणजे मॅनिफोल्ड आणि ब्रेक लाइन यांच्यामध्ये सांगाडा येईल. तरीही एक उष्णतारोधक पत्रा द्यावा. डॉट 4 ऑइलचा नवेपणीचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यानंतर तो 155 पर्यंत खाली येऊ शकतो.

निळाधूर

हे सगळे वाचून हात शिवशिवू लागले आहेत. कोल्हापुरात अशी गाडी बांधून रस्त्यावर चालवता येईल का?

पानापेंचिस

निळाधूर, अवघड आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 126 नुसार गाडीच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेची मान्यता लागते, आणि ती व्यवस्था उत्पादकांसाठी आहे. असलेल्या गाडीत मूलभूत बदल करण्यावरही 1988 च्या अधिनियमाचे कलम 52 बंधन घालते. बांधण्याचा आनंद हवा असेल तर रानवारा यांच्यासारखा मार्ग, म्हणजे पीथमपूरला भरणारी बाहा किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवरची फॉर्म्युला भारत, हा विद्यार्थ्यांसाठी खुला आहे. आता मूळ विषयाकडे येऊ.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. सुधारित आखणी देतो.

मास्टर सिलिंडर 3/4 इंचाचा टँडम. पुढचा टी-जॉइंट फायरवॉलवर. उजवी नळी सांगाड्याच्या वरच्या चौकोनी नळीच्या आतल्या अंगाने, डावी नळी फायरवॉल ओलांडून वरच्या नळीच्या बाहेरच्या अंगाने, मध्ये उष्णतारोधक पत्रा. मागची नळी आधी जुळवता येणाऱ्या व्हॉल्व्हपाशी, मग टनेलच्या वरच्या कोपऱ्यातून. शाफ्टभोवती पोलादी कडे. पेट्रोलची नळी आणि केबल टनेलच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीला. पत्र्यातून जाताना प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रोमेट, आणि क्लिपा 300 मिमीपेक्षा जास्त अंतरावर नाहीत. नळी तांबे-निकेलची. चारही होजचे ब्रॅकेट सस्पेन्शन मोकळे करून, खडूची रेघ पाहून, मगच वेल्ड करीन.

एक शंका राहिली आहे. मागचे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने दोन्ही बाजूंना स्वतंत्र होज लागतील. त्यांचा टी-जॉइंट डिफरन्शियलच्या आवरणावर बसवावा की सांगाड्यावर?

मिशिगनकर

सांगाड्यावर. डिफरन्शियल रबरी बुशांवर बसलेले असेल तर ते जोर आला की हलते, आणि त्यावर पक्की नळी नेली तर आणखी एक होज लागेल. मागच्या आडव्या नळीवर टी-जॉइंट बोल्टने धरावा. केवळ नळ्यांच्या आधाराने लोंबता ठेवू नये.

वैदर्भी

हवा काढण्याआधी मागच्या कॅलिपरचे हँडब्रेक समायोजन करून घ्यावे. या माझदाच्या मागच्या कॅलिपरमध्ये एका बोल्टमागे षटकोनी किल्लीने फिरवायचा स्क्रू असतो. पॅड डिस्कपासून लांब राहिले तर पेडलचा अर्धा प्रवास ते अंतर भरण्यातच जातो आणि माणूस उगाच हवा शोधत बसतो. सिलिंडर आधी बाकावर भरून हवामुक्त करावा, मग सर्वांत लांबचे मागचे डावे चाक, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे.

पानापेंचिस

आणि रंग देण्यापूर्वी एकदा सगळी लाइन कोरडी बसवून, नट हाताने आवळून पाहावी. प्रत्येक नटावर फ्लेअर नटाचा पाना चढवायला आणि फिरवायला जागा आहे का, ते तेव्हाच कळते. बँजो बोल्टच्या (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) जोडाच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर मात्र अंतिम जोडणीच्या वेळी नवेच घालावेत. ऑइल भरल्यावर पेडल पूर्ण जोराने दाबून थोडा वेळ धरून ठेवावे आणि दुसऱ्या माणसाने प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. डॉट 4 रंग खाते, त्यामुळे थेंब सांडला तर पुसण्याआधी भरपूर पाण्याने धुवावे.